वाचक विचारतात : गिनीपिगच्या लेंड्या मोजायच्या का?

मागच्या अंकात मांजरांच्या लसींबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं : दवाखान्यात हल्ली गिनीपिग बरेच येतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडक्यात घेतली आहेत, नावं गाळली आहेत. ज्यांच्याकडचा प्राणी आजारी होता त्यांना मी आधीच फोनवर कळवलं आहे. छापील उत्तराची वाट बघत बसण्याइतका वेळ गिनीपिगकडे नसतो.

प्रश्न (ठाणे) : जानेवारीत दुकानातून दोन गिनीपिग आणले. 'दोन्ही फीमेल आहेत' असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं. काल सकाळी पिंजऱ्यात तीन पिल्लं! डोळे उघडे, अंगभर केस, आणि संध्याकाळी ती चक्क गवत कुरतडत होती. इतकी मोठी पिल्लं एका रात्रीत कशी? शेजारच्या मुलांनी आणून ठेवली असतील का?

उत्तर : कुणी आणून ठेवलेली नाहीत, ती तिथलीच आहेत. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्लं उघडी, आंधळी, गुलाबी असतात. ती बिळात सुरक्षित असतात, म्हणून तसं जन्मणं त्यांना परवडतं. गिनीपिगचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, उघड्या गवतात वावरणारे. तिथं आंधळं पिल्लू म्हणजे शिकारी पक्ष्याचा घास. म्हणून मादी ५९ ते ७२ दिवस गाभण राहते आणि पिल्लू सगळं आवरूनच बाहेर येतं : केस, नखं, उघडे डोळे, पक्के दात. त्याचे दुधाचे दात आईच्या पोटातच येऊन विरूनही गेलेले असतात.

आता हिशोब बघा. तुमच्या पत्रावर तारीख २६ एप्रिलची आहे. मादी दुकानातूनच गाभण आली असती, तर ती फार तर एप्रिलच्या मध्यापर्यंत व्याली असती. तेव्हा तुमच्या दोन 'माद्यां'पैकी एक नर आहे, यात मला शंका नाही. पोटाच्या खालच्या टोकाला, छिद्राच्या जरा वर, बोटानं हलकेच दाबून बघा. नर असेल तर लिंग बाहेर दिसतं. मादीत तिथं 'वाय' अक्षरासारखी खाच दिसते.

नराला आजच वेगळं करा. गिनीपिगची मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. पत्र माझ्या हाती पडेपर्यंत ती पुन्हा गाभण राहिली असण्याची शक्यता भरपूर आहे, म्हणून कॅलेंडरवर खूण करा आणि तिथून दहा आठवडे तिच्यावर लक्ष ठेवा. पिल्लं आईजवळच राहू देत. तिला आचळं दोनच असतात, पण तीन पिल्लं आळीपाळीनं पितात, भांडत नाहीत. पिल्लं पहिल्या दिवसापासून गवत चावतात म्हणून दूध तोडायचं नाही. दोन-तीन आठवडे त्यांना ते लागतं. मात्र तीन आठवडे झाले की नर पिल्लं आईपासून काढायचीच. त्या वयात ती सज्ञान होऊ लागतात आणि आई-बहीण ओळखत नाहीत.

'एकदा तरी तिला पिल्लं होऊ देत' असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे इथंच लिहून ठेवते. मादीच्या कमरेच्या हाडांचा पुढचा सांधा विण्याच्या वेळी सैल होऊन फाकतो. तिला सात-आठ महिन्यांच्या आत पहिलं पिल्लू झालं नाही, तर तो सांधा घट्ट होतो. मग दोन वर्षांच्या मादीला हौसेनं नर दाखवलात तर पिल्लं अडतात, आणि ऑपरेशन करूनही ती वाचेलच असं नाही. तुमची मादी लहान होती म्हणून सुटली. आता यापुढे नको.

प्रश्न (नाशिक) : नातवासाठी आणलेला गिनीपिग, अंदाजे वर्षाचा. पोळी, भात, काकडी आणि पक्ष्यांसाठी मिळतो तो बाजरी-मक्याचा खाऊ देतो. आठवडाभर तो मागचे पाय ओढत चालतो, उचललं की किंचाळतो, हिरडीला रक्त दिसलं. सूनबाई म्हणतात, कॉटवरून पडला असेल.

उत्तर : आजोबा, पडला असेलही, आणि एक्स-रे काढल्याशिवाय मी ते नाकारणार नाही. पण तुम्ही खाण्याची यादी दिलीत तेव्हाच माझ्या डोक्यात दुसरं नाव आलं : स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार. सांध्यांत रक्त उतरतं, म्हणून उचलताना दुखतं. हिरड्या सुजतात, जखमा भरत नाहीत, केस खरखरीत होतात.

कुत्रा, मांजर, गाय, उंदीर हे सगळे आपलं क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. ते तयार करण्याच्या साखळीतलं शेवटचं एन्झाइम माणसात काम करत नाही, माकडांच्या बऱ्याच जातींत करत नाही, आणि गिनीपिगमध्येही नाही. हे कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते. नॉर्वेतले अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक हे दोघं जहाजांवरच्या खलाशांच्या आजाराचा शोध घेत होते. आधी कबुतरं वापरून झाली, मग गिनीपिग घेतले आणि त्यांना नुसतं धान्य आणि पाव घातला. प्राण्यांना झाली ती थेट खलाशांची स्कर्व्ही. कोबी आणि लिंबाचा रस दिला की ती बरी होत असे. हे १९०७ मध्ये छापून आलं. पुढे सेंट-ग्योर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञानं आपण वेगळा काढलेला एक पदार्थ म्हणजे क जीवनसत्त्वच, हे याच प्राण्यावर पडताळून पाहिलं, आणि १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. थोडक्यात, नुसत्या धान्यावर गिनीपिग ठेवला तर काय होतं, हे शंभर वर्षांपूर्वीच करून बघितलेलं आहे.

त्याला रोज वजनाच्या दर किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं, गाभण मादीला आणि आजाऱ्याला वरच्या बाजूचं. काकडीत ते नावापुरतंच असतं. ढोबळी मिरची सर्वांत सोयीची : बिया काढून बोटभर तुकडा रोज. तांबडी मिळाली तर हिरवीपेक्षा चांगली. कोथिंबीर, फ्लॉवरची कोवळी पानं, अधूनमधून पेरूची फोड. आवळ्याचा बारीक तुकडा कुणी खातं, कुणी तोंड फिरवतं. पाण्यात टाकायचे थेंब मात्र घेऊ नका. उजेडात आणि पाण्यात ते जीवनसत्त्व भराभर मोडतं, आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो, तो दुहेरी तोटा. तयार पेलेट घेतलेत तर पाकिटावरची तारीख बघा. त्यातलं क जीवनसत्त्व बनल्यापासून साधारण तीन महिनेच धड टिकतं. सध्या तुमच्या प्राण्याला डॉक्टरांनी ठरवलेला डोस सिरिंजनं तोंडात द्यावा लागेल. योग्य मात्रा मिळाली की साधारण आठवड्याभरात चालीत फरक दिसू लागतो.

पोळी-भात बंद. प्रेमानं देता हे मला कळतं, पण बंद.

प्रश्न (पुणे, इयत्ता पाचवी) : आमचा भुंगा एकदम उडी मारतो, हवेतच अंग पिळतो आणि पळत सुटतो. आई म्हणते त्याला फिट येते. आणि तो स्वतःची शी खातो. मी ओरडलो तरी खातो. त्याला पुढे चार बोटं आणि मागे तीन आहेत. मागचं एक तुटलं का?

उत्तर : बोटं मोजलीस याबद्दल तुला शाबासकी. तुटलेलं काही नाही. पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्यांना तीन-तीन हाच त्यांचा हिशोब. शेपूटही शोधलीस तर सापडणार नाही. हाडं असतात, पण आत.

उडी म्हणजे फिट नाही, आनंद आहे. कढईत लाही फुटावी तसा तो जागच्या जागी उडतो, म्हणून पाळणारे लोक त्याला 'पॉपकॉर्निंग' म्हणतात. लहान वयात जास्त. नवीन गवत घातलं, पिंजरा साफ केला की हमखास. खरी फिट आली तर तो आडवा पडेल, पाय झाडेल, हाक मारलीस तरी बघणार नाही, आणि नंतर थकलेला दिसेल. एक मात्र लक्षात ठेव : तो सतत खाजवत असेल, पाठीवर केस जाऊन खपल्या धरल्या असतील आणि खाजवता खाजवता लोळू लागला, तर तो खरजेचा किडा असतो. तेव्हा आईला सांग, दवाखान्यात घेऊन या.

आता शी. भुंगा गवत खातो, आणि गवत पचवायला अवघड. गाय ते रवंथ करून पचवते. भुंग्याच्या पोटात मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक मोठी पिशवी असते, तिथं जंतू गवत कुजवून त्यातून जीवनसत्त्वं तयार करतात. पण ती पिशवी आतड्याच्या शेवटाकडे आहे, त्यामुळे तयार झालेलं बरंचसं तसंच बाहेर जाणार. म्हणून तो ते पुन्हा खातो. तू नीट बघितलंस तर तो ते जमिनीवरून उचलत नाही, मान वळवून थेट घेतो, मऊ असतानाच. कडक सुक्या लेंड्या वेगळ्या, त्या टाकायच्या. तेव्हा ओरडू नकोस, त्याचं जेवण चालू असतं.

तुझ्या पत्रात नाही, पण तो काय बोलतो तेही ऐक. फ्रिज उघडला की 'वीऽक वीऽक' करतो ते फक्त माणसांसाठी. आपसांत ते असं क्वचितच ओरडतात. दात कटकट वाजवले तर हात मागे घे. आणि एकदम दगडासारखा थिजून बसला तर तो शहाणा झालेला नाही, घाबरलेला आहे.

प्रश्न (सातारा) : रात्री व्यवस्थित होता, सकाळी गेलेला. कसलाही आजार नव्हता. आम्हाला हे अजून पचत नाही. असं अचानक का होतं?

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात मधे एक वाक्य आहे : 'शेवटच्या दोन दिवसांत तो शांत झाला होता, मांडीवरही छान बसायचा.' त्यात तुमचा दोष नाही. घरातल्या कुणालाही ते लाडच वाटले असते. पण गिनीपिग स्वतःहून शांत होणं ही माझ्या लेखी धोक्याची पहिली खूण आहे.

हा प्राणी जन्मभर दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून जगायला घडलेला आहे. कळपात जो लंगडतो, तो आधी उचलला जातो. त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या हाडीमाशी आहे. दाढ टोचत असताना तो गवताजवळ जाऊन बसेल, तोंड हलवल्यासारखं करेल, आणि खाणार काही नाही. चेहऱ्यावरून कळेल ही आशा सोडून द्यावी. कळतं ते तीन गोष्टींवरून, आणि त्या तिन्ही निरस आहेत : वजन, गवत आणि लेंड्या.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, आठवड्याला एकदा, त्याच वेळी, वजन करा आणि वहीत लिहा. मोठा गिनीपिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो. थोडं इकडंतिकडं होतंच. ५० ग्रॅम उतरले तर रोज वजन करायला लागा, १०० उतरले तर डॉक्टरकडे जा, मग तो कितीही तरतरीत दिसो. लेंड्या रोज शंभरच्या आसपास पडतात. मोजायला नको, पण झाडताना नजर असू दे : लहान झाल्या, कमी झाल्या, थेंबासारख्या टोकदार झाल्या, एकमेकींना चिकटल्या, तर आत काही बिघडतंय.

त्याचं आतडं चालतं ते मागून येणाऱ्या गवताच्या ढकलण्यावर. तोंड थांबलं की आतडं थांबतं, गॅस धरतो, आतले जंतू बदलतात, आणि मग तो खाऊ म्हटलं तरी खात नाही. म्हणून बारा तास काही खाल्लं नाही ही रात्री-अपरात्री डॉक्टरला उठवण्यासारखी गोष्ट आहे. 'उद्या बघू' म्हणून जे आणले जातात, त्यांच्यात मला बऱ्याचदा काही करता येत नाही.

तुमचा प्राणी कशानं गेला ते पोस्टमॉर्टेमशिवाय सांगता येणार नाही. दुसरा आणणार असाल तर आधी काटा आणा.

प्रश्न (नागपूर) : मे महिन्यात काय करायचं? कूलर पुरे होईल का?

उत्तर : त्याला १८ ते २४ अंश मानवतं, तिशीच्या वर जीव धोक्यात येतो, आणि तुमच्याकडे पंचेचाळीस. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापून गारही होता येत नाही. बाल्कनी, गच्ची, खिडकीतलं ऊन पूर्ण वर्ज्य. घरातली सर्वांत गार खोली त्याची. तुमच्या कोरड्या हवेत कूलर उपयोगी पडतो, फक्त झोत थेट पिंजऱ्यावर नको. फरशीचा जाड तुकडा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, पाण्याच्या दोन बाटल्या. तो आडवा पसरून भराभर श्वास घेऊ लागला, लाळ गळू लागली तर कान आणि पाय साध्या पाण्यानं ओले करा, बर्फाच्या नाही, आणि निघा.

प्रश्न (कोल्हापूर जिल्हा) : आमची शेती आहे. ऑनलाइन मिळणारं परदेशी टिमोथी गवत फारच महाग पडतं. गोठ्यात लसूणघास, कडबा, उसाचं वाढं सगळं आहे. यातलं काय चालेल?

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. बाकी सगळे पेलेटचा ब्रँड विचारतात, तुम्ही गवत विचारलंत.

तोंडापासून सुरुवात करते. त्याला २० दात : पुढे वरखाली दोन-दोन, आणि मागे सोळा दाढा. सुळे नाहीत. हे सगळे वीसच्या वीस जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात वाढलेले लोकांना दिसतात. दाढा दिसत नाहीत, आणि खरं संकट तिथंच असतं. मऊ खाणं देत राहिलं की खालच्या दाढा आत वळतात, दोन्हीकडून वाढून जिभेवर कमान धरतात, आणि जीभ खाली अडकते. समोर अन्न असून प्राणी गिळू शकत नाही. भूल देऊन त्या घासाव्या लागतात, आणि एकदा घासल्या की बहुधा पुन्हा पुन्हा घासाव्या लागतात. हे टाळतं ते लाकडाचं खेळणं नाही, गवत. त्यातली वाळूसारखी सिलिका आणि तासन्‌तास चालणारं आडवं चर्वण. म्हणून ऐंशी टक्के पोट वाळलेल्या गवतानंच भरलं पाहिजे, आणि ते दिवसरात्र समोर हवं.

टिमोथीच पाहिजे असा काही दंडक नाही. तुमच्या बांधावरची हरळी उत्तम. कापून सावलीत वाळवा, हिरवा रंग आणि वास राहिला पाहिजे. र्‍होड्स गवत, ओटचा वाळलेला चारा, हेही चांगले. मक्याची हिरवी पानं आणि कणसावरची सालं तो आनंदानं खाईल. कडब्याची पानं तेवढी खाईल, धांडा टाकून देईल. चालेल, पण मुख्य खाणं म्हणून नको. कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे मी तुम्हाला काय सांगणार, इथंही तोच नियम. उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलेट जास्त असतं आणि पात्याच्या कडा धारदार, ते म्हशीलाच राहू द्या.

लसूणघासाचं मात्र जपून. गाभण मादीला आणि वाढत्या पिल्लाला तो उपयोगी. मोठ्या प्राण्याला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमनं मूतखडा होतो. गिनीपिग जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतो, म्हणून त्याची लघवी मुळातच गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरा डाग राहतो. तेवढ्यानं घाबरू नका. डागाला हात लावल्यावर रेतीसारखं लागलं, किंवा लघवी करताना तो कुंथून ओरडला, किंवा रक्त दिसलं, तर खडा.

तणनाशक मारलेल्या बांधाजवळचं काही नको. आणि ओल्या गवताचा ढीग आत गरम झाला असेल तर तो फेकून द्या, त्यानं पोट फुगतं.

प्रश्न (गोरेगाव) : आमच्या गिनीपिगला शिंका येतात. मुलीला दिलेलं अॅमॉक्सिसिलिनचं सिरप घरात आहे, थेंबभर दिलं तर चालेल? तो आमच्या सशाबरोबरच राहतो.

उत्तर : नाही. थेंबभरही नाही. अॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन, ही नावं लिहून पिंजऱ्यावर चिकटवा. त्याच्या आतड्यात गवत पचवणारे जंतू ही औषधं मारून टाकतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो, त्याच्या विषानं प्राणी काही दिवसांत मरतो. माणसाच्या लेकराला दिलेलं साधं औषध त्याला विष ठरतं. त्याच्यासाठी दुसरी अँटिबायोटिकं आहेत, ती डॉक्टर वजनावर मोजून देतात.

शिंकांचं कारण बहुधा शेजारीच आहे. सशाच्या नाकात बॉर्डेटेला नावाचा जंतू मुक्काम करून असतो. सशाला त्याचं काही वाटत नाही, गिनीपिगला त्यानं न्यूमोनिया होतो. शिवाय सशाच्या मागच्या पायाची एक लाथ या प्राण्याची बरगडी मोडायला पुरेशी असते. दोघांचं जमतं असं तुम्ही लिहिलंत. जमत असेल, तरी वेगळे करा, आणि शिंकणाऱ्याला आजच दाखवा.

प्रश्न (झुरिच, मूळ डोंबिवली) : आमच्या दोघांपैकी एक वारला. इथले शेजारी सांगतात की एकटा गिनीपिग ठेवणं बेकायदा आहे. थट्टा करतात की खरं?

उत्तर : खरं आहे. स्वित्झर्लंडच्या प्राणिसंरक्षण नियमांत २००८ पासून गिनीपिगसारख्या कळपातल्या प्राण्यांना सोबत असलीच पाहिजे असं आहे. तुमच्यासारख्यांची अडचण अशी की नवा आणला की त्यातला एक कधीतरी मागे उरतो, आणि हे चक्र संपत नाही. म्हणून तिथं सोबतीला गिनीपिग भाड्यानं देण्याची सोयही निघाली. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आपल्याकडे एकुलता एक गिनीपिग चपलांच्या रॅकवरच्या पिंजऱ्यात ठेवतात, ते मला जास्त विचित्र वाटतं.

सोबत निवडताना दोन माद्या किंवा एक नसबंदी केलेला नर आणि मादी हे सोपं जमतं. नसबंदीनंतरही सहा आठवडे नराला मादीपासून लांब ठेवा, तेवढा काळ तो बाप होऊ शकतो. दोन नर एकत्र वाढलेले असतील, जागा ऐसपैस असेल आणि आसपास मादीचा वास नसेल तर राहतात. पहिली भेट त्याच्या पिंजऱ्यात नको, दोघांनाही अनोळखी जागेत घडवा, गवताचा ढीग मधे ठेवा. घुरघुरणं, कंबर हलवत फिरणं, पाठीवर चढणं हे सगळं होऊ द्या. रक्त निघालं तरच सोडवा, आणि तेव्हाही हात नाही, टॉवेल टाकून.

प्रश्न (दादर) : मी निवृत्त विज्ञान शिक्षक. आम्ही हा प्राणी केवळ प्रयोगशाळेतलाच समजत होतो. तो आला कुठून? रानात अजून सापडतो का?

उत्तर : सर, घरातला गिनीपिग, म्हणजे केविया पोर्सेलस, रानात कुठंही नाही. अँडीजमधल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी रानटी केवियांना माणसाळवून तो घडवला, आणि घडवला खाण्यासाठी. क्वेचुआ भाषेत त्याला 'कुय' म्हणतात. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरच्या डोंगराळ गावांत तो आजही स्वयंपाकघरात फिरतो, उरलासुरला पाला खातो आणि सणाला ताटात येतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे सांगत नाही. रानटी नातेवाईक अजून तिथं आहेत : अँडीजमधला केविया त्शुडी हा त्याचा पूर्वज मानतात. पाण्यात डुंबणारा, मेंढीएवढा कॅपिबारा त्याच्याच कुळातला.

सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांबरोबर तो युरोपात गेला. प्रयोगशाळेत आला तो लहान, शांत आणि माणसाच्या रोगांना बळी पडणारा म्हणून. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये क्षयाचा जंतू सिद्ध केला तो गिनीपिगवर. मुंबईशीही त्याचा धागा आहे. लसी तयार करणारा शास्त्रज्ञ हाफकिन यानं पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस तयार करताना जंतू गिनीपिगच्या पोटातून पुन्हा पुन्हा काढून तीव्र केला होता. ती लस घेऊन तो १८९३ मध्ये भारतात आला, आणि १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस त्यानं मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, तिथून हाफकिन संस्था चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा आमच्याही डोक्यात गिनीपिग म्हणजे पिंजऱ्यावर लावलेला नंबर एवढंच होतं. त्याला नावानं हाक मारणारी पहिली मुलगी दवाखान्यात आली, तेव्हा केसपेपरवर 'पेशंटचं नाव' या रकान्यात 'लाडू' लिहिताना मला गंमत वाटली होती.

प्रश्न (लातूर) : साडेतीन वर्षांची मादी. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले, खाज नाही, पोट जरा मोठं. तेल लावू का?

उत्तर : तेल नको. दोन्हीकडे सारखेच केस जाणं, खाज नसणं आणि हे वय, यावरून बीजांडकोशावर पाण्याच्या गाठी असाव्यात. मोठ्या वयाच्या माद्यांत त्या फार आढळतात. सोनोग्राफी करून घ्या. उलट एकाच ठिकाणी गोल चट्टा, कडेला कोंडा असं असतं तर तो नायटा, आणि तो घरातल्या मुलांना लागतो.

प्रश्न (पनवेल) : मुलगा आठ वर्षांचा. कुत्र्याला सोसायटीत परवानगी नाही, म्हणून वाढदिवसाला गिनीपिग द्यावा म्हणतो. सांभाळायला सोपा असतो ना?

उत्तर : कुत्र्याच्या बदल्यात म्हणून नको. तो मांडीवर उड्या मारत येणार नाही, उचललेलं त्याला आवडत नाही, आणि लहान मुलाच्या हातातून सुटून पडला तर पाठ मोडते. पाच ते सात वर्षं जगतो, म्हणजे तुमचा मुलगा दहावीत असेल तेव्हाही पिंजरा असणार. एक नाही, दोन घ्यावे लागतील. दोघांना निदान आठ-दहा चौरस फूट सपाट जागा लागते. जाळीचा तळ नको, पायाला फोड येतात. फिरतं चाक नको, त्यानं पाठ दुखावते. रोज सकाळी भाजी चिरणं, रोज ओली जागा पुसणं. हे काम कोण करणार, ते आजच ठरवा. आठ वर्षांचा मुलगा मदत करेल, जबाबदारी तुमची. हे सगळं वाचूनही घ्यावेसे वाटले तर जरूर घ्या. जमिनीवर बसून, गवत पुढं धरून त्यांना स्वतःहून जवळ यायला शिकवणं यात मुलं रमतात, हे मी पाहिलं आहे. आणि तुमच्या भागात गिनीपिग बघणारा डॉक्टर कोण, हे प्राणी आणण्याआधी शोधून ठेवा. सगळेच बघत नाहीत.

उरलेली पत्रं पुढच्या अंकात. लिहिताना प्राण्याचं वय, वजन, नर की मादी, आणि काल दिवसभरात काय काय खाल्लं ते लिहा. 'सगळं खातो' असं लिहू नका. फोटो पाठवायचाच असेल तर चेहऱ्याचा नको, लेंड्यांचा पाठवा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.